किल्ली कोणाच्या कमरेला?

घराची खरी सत्ता कोणाच्या हाती आहे, हे ओळखण्याची आपल्याकडे एक जुनी खूण होती. उताऱ्यावर नाव कोणाचेही असो, दरवाजावर पाटी कोणाचीही असो. कोठीच्या किल्ल्यांचा जुडगा ज्या कमरेला, तिचा शब्द घरात अखेरचा. सासूबाईंनी तो जुडगा एके दिवशी सुनेच्या हाती दिला, की घरात राज्यक्रांती झाली असे शेजारीपाजारी समजत, आणि ते चूकही नसे. राजवटी कशा बदलल्या याचे इतिहास पुष्कळांनी लिहिले आहेत. किल्ल्या या कमरेवरून त्या कमरेला कशा गेल्या, याचा इतिहास मात्र सहसा कोणी लिहीत नाही. आज तसा एक इतिहास वाचकांपुढे ठेवण्याचा माझा विचार आहे. मात्र त्यासाठी मी निवडलेले घर दगडविटांचे नाही. ते संगणकांचे आहे, आणि तेही दानात मिळालेले.

जगात असे हजारो लोक आहेत, की जे संगणकासाठी लागणारी सॉफ्टवेअरे लिहितात आणि ती कुलूपबंद न ठेवता सर्वांसाठी मोकळी सोडतात. कोणीही ती वापरावीत, त्यांची घडण पाहावी, तीत सुधारणा कराव्यात आणि पुढच्याला द्याव्यात, अशी ही रीत. हिला 'ओपन सोर्स' म्हणतात. काही जण 'मुक्त सॉफ्टवेअर' म्हणणे पसंत करतात. हे लोक देशोदेशी विखुरलेले असतात. त्यांचे सामाईक काम कोठेतरी ठेवावे लागते, आणि ज्या यंत्रावर ते ठेवतात, जे रात्रंदिवस जागे राहून मागेल त्याला मागेल ते पुरवते, ते यंत्र म्हणजे सर्व्हर. आता मौज अशी, की हे सर्व्हर बहुधा या मंडळींच्या मालकीचे नसतातच. यंत्र एखाद्या कंपनीने दिलेले, ते ठेवलेले एखाद्या विद्यापीठाच्या खोलीत, विजेचे बिल तिसऱ्याच कोणाच्या नावावर, आणि त्यावरचे काम हजारोंचे. मग किल्ली कोणाच्या कमरेला?

ही किल्ली म्हणजे काय, ते आधी सांगितले पाहिजे. १९६९ साली अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची कार्यप्रणाली रचावयास घेतली. आज जगातले बहुसंख्य सर्व्हर तिच्याच वंशातल्या प्रणालींवर चालतात. या वंशात प्रत्येक वापरणाऱ्याला एक क्रमांक असतो, आणि ज्याचा क्रमांक शून्य, त्याचे नाव 'रूट', म्हणजे मूळ. शून्याला आपण किंमत देत नाही, पण येथे सारी किंमत त्या शून्यालाच. इतरांना नियम असतात. रूटला मनाई कशाचीच नाही. त्याने कोणाचेही कागद वाचावेत, पुसावेत, कोणालाही घराबाहेर काढावे, आणि मनात आणले तर स्वतःच्या पावलांचे ठसेदेखील पुसून टाकावेत. असा अधिकार परक्याच्या दारात ठेवलेल्या, सर्वांच्या कामाच्या यंत्रावर कोणाला द्यायचा, हा प्रश्न वाटतो तितका यंत्रविद्येचा नाही. तो राज्यशास्त्राचा आहे.

२

या प्रश्नाचे पहिले उत्तर मोठे उदार होते: किल्ली सर्वांना द्या, किंवा कुलूपच लावू नका. अमेरिकेतील एम.आय.टी. या विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत १९६०च्या दशकाच्या अखेरीस एक प्रणाली तयार झाली. तीत शिरायला परवलीचा शब्द लागतच नसे. इतकेच नव्हे, तर यंत्र बंद पाडण्याची आज्ञाही तीत कोणालाही देता येत असे! कारण असे, की यंत्र बंद पाडून दाखवण्यात चतुर पोरांना पुरुषार्थ वाटतो. तेच काम बोटाच्या टोकाने होऊ लागले, तर पुरुषार्थ उरत नाही. ज्या घरात लाडवांच्या डब्याला कुलूप नसते, त्या घरातली मुले लाडू चोरत नाहीत, असा काहीसा हा न्याय. दिवाळीच्या दिवसांत तो कितपत टिकतो, ते गृहिणींनीच सांगावे.

याच प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन हे गृहस्थ वाढले. पुढे मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ त्यांनीच उभारली. त्यांनी सांगितलेली १९८४ सालची एक हकीकत या इतिहासात महत्त्वाची आहे. प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या एका यंत्रावर काही मोजक्या लोकांनी चालकाचा परवलीचा शब्द गुपचूप बदलला आणि तो इतरांपासून लपवून ठेवला. म्हणजे एका रात्रीत राज्य बळकावले. स्टॉलमन यांनी त्या प्रणालीच्या गाभ्यातच दुरुस्ती करून हे बंड मोडले आणि सत्ता सर्वांना परत दिली. ही गोष्ट त्यांच्या मनात इतकी रुतली, की पुढे आपल्या ग्नू प्रकल्पात रूट होण्याचे साधन तयार करताना, ठरावीक गटालाच रूट होऊ देण्याची जी सोय इतरत्र रूढ होती, ती त्यांनी मुद्दाम गाळली. आणि का गाळली हे त्या साधनाच्या माहितीपुस्तिकेतच लिहून ठेवले. त्यांचे म्हणणे असे, की वरच्यांपैकी एखाद्याला खालच्यांची कणव आली आणि त्याने परवलीचा शब्द सांगितला, तर तो वापरण्याची वाट मोकळी राहिली पाहिजे.

हा विचार उदात्त आहे, यात शंका नाही. पण तो ज्या घरात जन्मला, त्या घरात राहणारे एकमेकांना तोंडाने ओळखत होते. पुढे घराला जगभरची दारे फुटली. २००३ सालच्या मार्चमध्ये खुद्द ग्नू प्रकल्पाच्याच सर्व्हरवर, जेथून जग त्यांची सॉफ्टवेअरे उतरवून घेत असे, कोणी घुसखोराने रूटचा अधिकार मिळवला. ते लक्षात यायला जुलैची अखेर उजाडली. चार महिने चोर कोठीत होता आणि घर झोपले होते. नंतर सॉफ्टवेअरे तपासून पाहण्यात बरेच श्रम गेले, आणि त्या यंत्रावर थेट प्रवेश करण्याची लेखकांची मुभा काढून घेण्यात आली. यापुढे आपले काम आपल्या सांकेतिक सहीनिशी बाहेरच्या खिडकीतून आत द्यायचे, असा नियम झाला. कुलपाला विरोध करणाऱ्यांच्या वाड्याला कुलूप आले. त्यांच्या फजितीवर हसण्याचे कारण नाही. ओळखीच्या लोकांचे नियम अनोळखी लोकांना पुरत नाहीत, एवढेच यातून घ्यायचे.

३

दुसरे उत्तर अधिक खोलवर विचार करून दिलेले आहे, आणि ते देणाऱ्या प्रकल्पाचे नाव डेबियन. इयन मर्डॉक या तरुणाने १९९३ सालच्या ऑगस्टमध्ये तो सुरू केला. आज जगातल्या असंख्य सर्व्हरांवर डेबियन किंवा त्याच्यापासून निघालेल्या प्रणाली चालतात. डेबियन ही कंपनी नाही; जगभरच्या स्वयंसेवकांचा तो एक समाज आहे. २०२३ साली त्याचे वार्षिक संमेलन आपल्या देशात, कोचीला भरले होते.

या समाजाने १९९८ साली स्वतःसाठी चक्क एक राज्यघटना लिहिली. ती वाचताना मला पदोपदी किल्ल्यांची आठवण झाली. एक म्हणजे, डेबियन स्वतः मालमत्ता बाळगत नाही. पैसा, यंत्रे, नाव यांची मालकी डेबियनच्या वतीने विश्वस्त म्हणून दुसऱ्या संस्थांनी सांभाळायची. त्यांतली प्रमुख संस्था न्यूयॉर्कमध्ये १९९७ साली नोंदवली गेली. दुसरे म्हणजे, प्रकल्पाचा नेता सभासदांनी दर वर्षी मतदानाने निवडायचा. आणि तिसरे म्हणजे, यंत्रांच्या किल्ल्या ना विश्वस्तांकडे, ना नेत्याकडे. त्या नेत्याने नेमलेल्या प्रशासकांच्या एका लहान मंडळाकडे. यातही एक बारकावा आहे. नेता आपल्या प्रतिनिधीला बदलू शकतो. पण अमुक निर्णय देशील तरच तुझी नेमणूक, अशी अट तो घालू शकत नाही, आणि प्रतिनिधीने एकदा घेतलेला निर्णय फिरवूही शकत नाही. दौलत एकाकडे, आवाज दुसऱ्याकडे, किल्ली तिसऱ्याकडे, आणि तिघांपैकी कोणी एकटा घर बळकावू शकणार नाही, अशी ही रचना.

साध्या सभासदालाही सहज प्रवेश नाही. त्याने आधी काम करून दाखवायचे. मग कोणा जुन्या सभासदाला प्रत्यक्ष भेटायचे, सरकारी ओळखपत्र दाखवायचे, आणि त्याच्याकडून आपल्या सांकेतिक किल्लीवर साक्षीची सही घ्यायची. ज्या मंडळींचा सारा व्यवहार तारेवरून चालतो, त्यांनी ओळखीसाठी मात्र समोरासमोर भेटण्याचा आग्रह धरावा, यात मला मोठे शहाणपण दिसते. आपल्याकडे मुलगी द्यायची तर पत्रावर न भागवता स्थळ जाऊन पाहून येत, त्याच जातीचे हे शहाणपण.

या व्यवस्थेची कसोटीही लागली. २० नोव्हेंबर २००२ रोजी नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठात आग लागली, आणि तेथे ठेवलेला डेबियनचा एक सर्व्हर भस्मसात झाला. दानाच्या जागेत राहणाऱ्याला यजमानाची आगही वाटून घ्यावी लागते. बरोबर एका वर्षाने, २० नोव्हेंबर २००३ रोजी, अग्नीपेक्षा मोठे संकट उघडकीला आले. आदल्या दिवशी कोणीतरी एका सभासदाचा परवलीचा शब्द चोरून एका यंत्रावर शिरले होते, आणि तेथून प्रणालीतल्या एका फटीतून रूट होऊन बसले होते. मास्टर, मर्फी, ग्लुक आणि क्लेकर अशी त्या चार यंत्रांची नावे. यांतले क्लेकर हे आडनाव डेबियनमधल्या जोएल क्लेकर या मुलाचे; स्नायूंच्या असाध्य दुखण्याने तो २००० साली अवघ्या २१व्या वर्षी गेला, आणि त्या वर्षीची आवृत्ती त्याला अर्पण झाली होती.

मुद्दा असा, की त्या सभासदाकडे रूटची किल्ली नव्हती. त्याला दिलेली होती ती साधी, ओसरीपर्यंतची. पण ओसरीवर आलेला चोर भिंतीतली फट शोधून माजघरात गेला. त्या फटीची दुरुस्ती प्रणालीच्या नव्या आवृत्तीत आधीच झालेली होती. वापरातल्या आवृत्तीपर्यंत ती वेळेवर पोचली नव्हती. प्रशासकांनी यंत्रे उतरवली, सर्व सभासदांची खाती बंद केली आणि काय घडले ते जगाला सांगून टाकले. सुदैवाने सॉफ्टवेअरांचे मुख्य भांडार निर्वेध निघाले. झाकून ठेवण्याचा मोह कोणालाही झाला असता. पण ज्याच्या हाती किल्ली, त्याच्यावर हिशेब देण्याची जबाबदारी, हे सूत्र येथे पाळले गेले.

पुढे २०११ साली लिनक्सच्या गाभ्याचे मुख्य घर असलेल्या सर्व्हरांवर हाच प्रसंग ओढवला. तेथे साडेचारशेच्या आसपास लोकांना प्रवेश होता. मूळ लिखाण सुरक्षित राहिले, ते त्याच्या मांडणीमुळे. चोपडीच्या प्रत्येक पानावर मागील पानाची बेरीज पुढे ओढलेली असावी, म्हणजे जुन्या पानावरचा एक आकडा खोडला तरी पुढची सारी पाने बोंब ठोकतील, अशी ती मांडणी. तरीही पुढे यंत्राच्या आत शिरण्याची सर्रास मुभा बंद झाली, आणि किल्ल्यांच्या ओळखी नव्याने पटवून घेण्यात आल्या. अनुभव सगळीकडे एकच सांगतो: काम करायला द्यायचा अधिकार आणि घर चालवायचा अधिकार यांत अंतर हवे. अंतर ठेवले म्हणजे अविश्वास दाखवला, असे होत नाही. उलट चोरी झाली तर प्रामाणिक माणसावर बालंट येत नाही, हा त्याचा मोठा लाभ.

४

आतापर्यंत चोरांची गोष्ट झाली. पण किल्लीच्या इतिहासात चोरापेक्षा अवघड प्रश्न दात्याचा आहे. मी एका तालुक्याच्या गावी काही वर्षे सार्वजनिक वाचनालयाचे चिटणीसपद सांभाळले. तेथे एका सद्गृहस्थांनी वडिलांच्या स्मरणार्थ दोन कपाटे भरून पुस्तके दिली. कपाटे आली, पुस्तके आली, वर नावाची पाटीही आली. किल्ली मात्र आली नाही. पुस्तक हवे असेल तर चिठ्ठी पाठवावी, असा निरोप आला. चार महिने आमचे सभासद काचेतून पुस्तकांचे पुठ्ठे वाचत होते. आहुती देताना 'इदं न मम' म्हणतात, हे माझे नाही. ते म्हटल्यावाचून दान पुरे होत नाही, असे आपल्या पूर्वजांनी सांगितले ते उगीच नाही.

फ्रीनोडची कथा या जातीची आहे. फिनलंडमध्ये १९८८ साली यार्को ओइकारिनेन याने आय.आर.सी. नावाची एक युक्ती काढली. दूरदूरच्या माणसांना एकाच चावडीवर बसून लिहून बोलता यावे, अशी ती सोय. रॉब लेव्हिन या अमेरिकन गृहस्थाने मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांसाठी अशा चावड्यांचे एक जाळे उभारले. २००२ साली त्याला फ्रीनोड हे नाव मिळाले. यंत्रे दात्यांनी दिलेली, चालवणारे स्वयंसेवक. कोणाला काही अडले, की त्याने फ्रीनोडवर विचारावे आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला जागा असलेल्या कोणीतरी उत्तर द्यावे, असा वर्षानुवर्षे परिपाठ होता. लेव्हिन २००६ साली सायकलवरून जात असताना मोटारीच्या अपघातात गेले. घर चालत राहिले. पण घराचे कागद कोणाच्या नावावर असावेत, याचा डेबियनसारखा पक्का बंदोबस्त कोणी केलेला नव्हता.

नंतरच्या काळात एक संमेलन भरवण्याच्या निमित्ताने ब्रिटनमध्ये फ्रीनोड नावाची एक मर्यादित कंपनी निघाली. २०१७ साली ती अँड्र्यू ली या उद्योजकांकडे गेली. कारभारात यामुळे काही बदल होणार नाही, असे स्वयंसेवकांना सांगण्यात आले, आणि चार वर्षे झालाही नाही. २०२१ साली मात्र प्रश्न धसास लागला: घर कोणाचे? ली यांचे म्हणणे, मी रीतसर घेतले आहे, पैसाही घातला आहे. स्वयंसेवकांचे म्हणणे, यंत्रे दात्यांची, श्रम आमचे, बोलणारे सर्व जगाचे. विकायला हे होते कोणाचे? दोन्ही बाजूंना आपलेच खरे वाटत होते, आणि कागदावर याचा निवाडा आधी करून ठेवलेला नव्हता, हीच सारी मेख.

१९ मे २०२१ रोजी स्वयंसेवकांनी सामुदायिक राजीनामे दिले, आणि त्याच दिवशी लिबेरा चॅट नावाचे नवे घर मांडले. आठवड्याच्या आतच जुन्या घरात सुमारे सातशे चावड्या, ज्यांच्या पाटीवर नव्या घराचा उल्लेख होता, त्यांच्या चालकांच्या हातून काढून घेण्यात आल्या. उबुंटू, जेंटू, विकिमीडिया अशी मोठमोठी बिऱ्हाडे नव्या घरी गेली. जूनच्या मध्यावर जुन्या घराने नव्या यंत्रणेवर कोऱ्या वहीने सुरुवात केली. त्याबरोबर तेथे इतक्या वर्षांत नोंदवली गेलेली सारी नावे आणि चावड्या पुसल्या गेल्या. किल्ली हाती राहिली, नाव हाती राहिले. माणसे तेवढी राहिली नाहीत.

आणि येथेच या इतिहासाचा गाभा आहे, असे मला वाटते. अशा घरात मौल्यवान वस्तू एकच: लोक तेथे येतात, ही. ती कपाटात ठेवता येत नाही, विकत घेता येत नाही, आणि कोणत्याही किल्लीने बंद करून ठेवता येत नाही. किल्लीने घर राखता येते, कुटुंब राखता येत नाही. लिबेरावाल्यांनी धडा घेतला. त्यांनी स्वीडनमध्ये ना-नफा संस्था स्थापन केली, घर तिच्या नावावर ठेवले, आणि चालवणारे स्वयंसेवक हेच तिचे सभासद केले. जे वीस वर्षांपूर्वी करायचे राहिले होते, ते घर सोडल्यावर केले.

५

आपल्या भाषेचाही या गोष्टीत एक कोपरा आहे. विकिपीडिया २००१ साली सुरू झाला, तो जिमी वेल्स यांच्या बोमिस या कंपनीच्या यंत्रावर. दाता एकच, आणि यंत्रही त्याचे. पण २००३ सालच्या जूनमध्ये विकिमीडिया फाउंडेशन ही संस्था निघाली आणि घराचे कागद तिच्याकडे गेले. 'इदं न मम' तेथे वेळेवर म्हटले गेले. त्याच वर्षी १ मे रोजी, महाराष्ट्रदिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला. त्याच्या कारभाऱ्यांना मराठीत फार चांगला शब्द रूढ झाला आहे: प्रचालक. मालक नव्हे, अधिपती नव्हे, चालवणारा. त्याची निवड लिहिणाऱ्या मंडळींच्या कौलाने होते. तो पान सुरक्षित करू शकतो, वगळू शकतो, उपद्रवी माणसाला रोखू शकतो. पण यंत्राच्या मुळाशी, त्या शून्य क्रमांकापर्यंत, त्याचा हात पोचत नाही. तो अधिकार फाउंडेशनच्या तंत्रज्ञांकडे असतो. आणि लेखात काय लिहायचे, हे ठरवणे त्या तंत्रज्ञांचे काम नाही. कारभाऱ्याला निवडतो लेखक, कुलूप सांभाळतो तंत्रज्ञ, कागद सांभाळते संस्था. तीन कमरा, तीन किल्ल्या.

असे पाहता पाहता माझ्या मनात या प्रश्नाचे उत्तर साधारण ठरत गेले. जो देतो, त्याने किल्लीही द्यावी. जे सांभाळतात, ते थोडे असावेत, त्यांची नावे सर्वांना ठाऊक असावीत, आणि एकाच्या आजाराने वा रुसव्याने घर बंद पडणार नाही इतके ते पुरेसेही असावेत. ज्यांचे काम त्या घरात आहे, त्यांना सांभाळणारे बदलण्याचा रीतसर मार्ग असावा. आणि हे सारे भांडण होण्यापूर्वी, सर्वांचे गोड असतानाच, लिहून ठेवावे. कारण विश्वास असतो तेव्हा कागदाची गरज वाटत नाही, आणि गरज वाटते तेव्हा कोणी सही करत नाही.

मात्र कागदाच्या पलीकडची एक गोष्ट कोणतीही घटना लिहून देऊ शकत नाही. किल्ली कोणाला द्यावी, याची खरी पारख ती घेताना होत नाही, सोडताना होते. जिने आयुष्यभर जुडगा मिरवला आणि एका सकाळी, कोणी मागण्यापूर्वीच, तो सुनेच्या हाती ठेवून 'आता तू बघ' म्हटले, तिच्या हाती घर किती सुरक्षित होते, ते त्या सकाळी कळते. डेबियनमध्ये, विकिपीडियावर, आणि नावेही ठाऊक नसलेल्या असंख्य यंत्रांवर आज रात्रीही कोणीतरी बिनपगारी जागत बसले असेल. त्यांच्यापैकी ज्यांनी पुढचा माणूस आधीच शोधून ठेवला आहे, त्यांच्याच कमरेला ती किल्ली शोभते.